ना सर्दी, ना खोकला, तरी घसा लाल

जानेवारीतला मंगळवार होता. शौनक, माझा सात वर्षांचा लेक, शाळेतून आला तो दप्तर दारातच टाकून आडवा झाला. सकाळी गुळपोळी खाऊन उड्या मारत गेलेला पोरगा. "आई, पोट दुखतंय," एवढंच म्हणाला. कपाळाला हात लावला तर चटका बसला. थर्मामीटरमध्ये 102.4. रात्री मऊ वरणभात कालवून दिला, तर पहिल्या घासालाच डोळ्यांत पाणी आलं आणि थोड्या वेळानं तेवढंही उलटून पडलं.

मी पोटाचंच काहीतरी धरून चालले. संक्रांत नुकतीच झालेली, घरोघरचं खाणं झालेलं. सासूबाईही म्हणाल्या, काहीतरी बाधलं असेल. घशाचं त्यानं बुधवारी सकाळी सांगितलं, तेही मी खोदून विचारल्यावर. "आवंढा गिळला की टोचतं." लहान मुलांत स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जिवाणूनं होणारा घशाचा आजार पोटदुखी, उलटी नाहीतर डोकेदुखीनं सुरू होऊ शकतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

त्याला खिडकीपाशी उभं केलं, चमच्याच्या दांड्यानं जीभ दाबली आणि मोबाइलचा टॉर्च लावला. पडजीभ लालबुंद. दोन्ही टॉन्सिल फुगलेले आणि त्यांवर दह्याचे बारीक कण चिकटावेत तसे पांढरट-पिवळे ठिपके. टाळूच्या मागच्या भागावर टाचणीनं टोचल्यासारखे लाल बिंदू. सासूबाईंनी चष्मा लावून पाहिलं आणि त्याच्या जबड्याखाली बोटं फिरवली. "अवधाण आलंय बघ दोन्हीकडं." मीही हात लावला. सुपारीएवढ्या गाठी होत्या, जरा दाबल्या की पोरगं कळवळायचं. मग त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "घटसर्प तर नाही ना गं?" त्यांच्या माहेरी शेजारचं मूल घटसर्पानं गेलं होतं. शौनकच्या सगळ्या लशी वेळेवर झालेल्या आहेत, तरी पोटात गोळा आला.

फ्रिजच्या दारात मुलीच्या कानदुखीच्या वेळचं अँटिबायोटिक उरलेलं होतं. खरं सांगते, हात बाटलीपर्यंत गेला होता. थांबले ती मावशीच्या आठवणीनं.

माझी मावशी सांगली जिल्ह्यातल्या एका खेड्यात वाढली. लहानपणी तिचा घसा वरचेवर धरायचा, आजी हळद-मिठाच्या गुळण्या करायला लावायची, आठवड्यात बरं वाटायचं. अकराव्या वर्षी अशाच एका घसादुखीनंतर तीनेक आठवड्यांनी तिचा गुडघा सुजला. तो उतरला तर घोटा, घोटा उतरला तर मनगट. पोर वाढतेय, हाडं दुखणारच, असं सगळे म्हणाले. पुढे पहिल्या बाळंतपणात तिला जिना चढवेना, रात्री उठून बसावं लागे, तेव्हा कळलं की हृदयाची मायट्रल झडप आकसली आहे. नळीतून फुगा नेऊन ती झडप उघडावी लागली. दर 21 दिवसांनी पेनिसिलिनचं जाड, दुखरं इंजेक्शन तिनं वर्षानुवर्षं घेतलं. या सगळ्याची सुरुवात घशात होती, हे आमच्या घराला फार उशिरा समजलं.

म्हणून बाटली जागेवर ठेवली आणि बालरोगतज्ज्ञांकडे गेले.

डॉक्टरबाईंनी घसा बघायच्या आधी प्रश्नच विचारले. सर्दी आहे? नाही. खोकला? नाही. आवाज बसलाय? नाही. डोळे लाल झाले होते? नाही. मी प्रत्येक 'नाही' हायसं वाटून म्हणत होते, आणि त्या मात्र प्रत्येक 'नाही' कागदावर लिहीत होत्या. शेवटी म्हणाल्या, "विषाणूनं घसा धरतो ना, तेव्हा बहुतेक वेळा नाक, खोकला, आवाज यांपैकी काहीतरी सोबत येतंच. याचं काहीच नाही, आणि ताप एकदम चढलाय. मला स्ट्रेप्टोकोकसची शंका आहे." मग शर्ट वर करून त्यांनी छाती-पोटावरून तळहात फिरवला. सँडपेपरसारखं खरखरीत लाल पुरळ आणि स्ट्रॉबेरीसारखी दाणेदार जीभ असली, तर तो याच जिवाणूचा स्कार्लेट फीवर असतो. शौनकला पुरळ नव्हतं.

त्यांनी मला चार खुणा सांगितल्या: ताप, टॉन्सिलवरचे पांढरे ठिपके किंवा सूज, गळ्याच्या पुढच्या बाजूला दुखऱ्या गाठी, आणि खोकला नसणं. 1981 साली अमेरिकेतल्या डॉ. रॉबर्ट सेंटॉर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या माणसांसाठी या मांडल्या. पुढे त्यांत वयाची भर पडली, कारण हा आजार 5 ते 15 वर्षांच्या मुलांत सगळ्यांत जास्त. शौनकच्या चारही खुणा जुळत होत्या. मी म्हटलं, मग औषध लिहूनच द्या. त्या म्हणाल्या, "चारही जुळल्या तरी साधारण निम्म्याच वेळा स्ट्रेप निघतो. नुसतं बघून मलाही खात्रीनं सांगता येणार नाही. स्वॅब घेऊ."

ते दोन सेकंद वाईट होते. लांब काडीवरचा कापूस दोन्ही टॉन्सिलवरून फिरला, शौनकला उमासा आला, माझा हात त्यानं घट्ट धरला. कल्चरचा, म्हणजे कापसावरचे जिवाणू वाढवून बघायच्या तपासणीचा, रिपोर्ट यायला दोन दिवस. तोवर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल, कोमट पाणी आणि पातळ पेज. दोन दिवस वाया जाणार म्हणून मी घाबरले, तर त्यांनी समजावलं की दुखणं सुरू झाल्यापासून नऊ दिवसांच्या आत अँटिबायोटिक सुरू झालं, तरी मावशीला झालेला तो आजार, म्हणजे रूमॅटिक फीवर (संधिवाताचा ताप), टाळता येतो. "तो ताप सांधे चाटतो आणि हृदयाला चावतो, असं आमच्यात जुनं वाक्य आहे," त्या म्हणाल्या. एक बजावलं मात्र: लाळ गिळता येईना, तोंड उघडेना, श्वासाला घरघर लागली, तर रिपोर्टची वाट न बघता थेट दवाखाना गाठायचा.

शुक्रवारी रिपोर्ट आला. ग्रुप ए स्ट्रेप्टोकोकस. अमॉक्सिसिलिन, म्हणजे पेनिसिलिनच्याच कुळातलं औषध, पूर्ण दहा दिवस. या जिवाणूवर पेनिसिलिन आजही चालतं, हे ऐकून मला किती धीर आला! औषध सुरू झाल्यावर 24 तासांनी ताप नसेल तर शाळेत पाठवायला हरकत नाही, असंही कळलं. आम्ही सोमवारीच पाठवला.

खरी परीक्षा नंतर होती. शनिवारी रात्री ताप उतरला, रविवारी पोरगं अंगणात क्रिकेट खेळत होतं. चौथ्या दिवशी पहिली बाटली संपली आणि घरात सगळ्यांनाच वाटलं, झालं की आता. बाटली संपली म्हणजे कोर्स संपला, हा समज किती घरांत असेल! मी दुसरी बाटली आणली. उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत घातलं, हलवलं, फेस बसल्यावर पुन्हा घातलं. कॅलेंडरवर दहा चौकोन आखले आणि रोज रात्री एकेक शौनककडूनच रंगवून घेतला. त्याचा दात घासायचा ब्रशही बदलला.

मधेच मुलगी घसा दुखतोय म्हणाली. मी धावले. पण तिचं नाक गळत होतं, खोकल्याची उबळ येत होती, आवाज घोगरा झालेला. डॉक्टरांनी घसा बघितला, गाठी चाचपल्या आणि एकही अँटिबायोटिक न देता परत पाठवलं. पाच दिवसांत ती बरी झाली. एकाच घरात, एकाच आठवड्यात, दोन घसे, आणि एकालाच ते औषध लागलं. एरवी मी ती उरलेली बाटली दोघांत वाटली असती. तिच्यातलं औषध आता टाकून दिलंय.

दहावा चौकोन रंगवल्यावरही तीन आठवडे मी लक्ष ठेवलं. गुडघा दुखतोय का, धाप लागतेय का, सकाळी तोंड सुजलेलं दिसतंय का, लघवी कोऱ्या चहासारखी झालीय का, कारण हा जिवाणू मागाहून मूत्रपिंडालाही त्रास देऊ शकतो. काही झालं नाही. त्या दिवसांत मावशीचा रोज फोन यायचा. ती तब्येतीचं नंतर विचारायची. आधी विचारायची, "आजचा डोस दिलास?"