सहाशे कोटींच्या पुढचा नंबर

आमच्या यवतमाळकडे गावात शिरलं की आधी भिंतीच बोलायला लागतात. मोटार रिवाइंडिंग, बोअरवेल, थ्रेशर भाड्याने मिळेल, आणि खाली दहा आकडी मोबाइल नंबर. आपण तो जोडीजोडीनं वाचतो, ‘अठ्ठ्याण्णव, बावीस...’ असा. त्यामुळे ही सहाशे ते हजार कोटींच्या मधली एकच सलग संख्या आहे, हे कोणाच्या ध्यानातच येत नाही. कापसाचा चुकारा दोनदा मोजून घेणारा माणूस ही कोट्यवधींची संख्या मात्र न अडखळता म्हणून दाखवतो!

एसटी येईपर्यंत मी या नंबरांत मूळ संख्या शोधतो. एक आणि स्वतः सोडून कशानंच भाग न जाणारी. संख्या मोठ्या होत जातात तशा या विरळ होतात. किती विरळ, याचा अंदाज जर्मन गणिती गाउसनं पोरवयातच बांधला होता; तो सिद्ध व्हायला १८९६ साल उजाडलं. आदामार आणि द ला व्हाले-पूसँ या दोघा गणितींनी तो वेगवेगळा सिद्ध केला. त्या हिशेबानं मोबाइल नंबरांच्या टापूत साधारण तेवीस संख्यांमागे एक मूळ. शेवटी सम अंक किंवा पाच असला की नंबर बाद. एक, तीन, सात, नऊ असेल तर आशा वाढते, नवात एक. अंकांच्या बेरजेला तीननं भाग गेला नाही, तर सहात एक. इथवर तोंडी जमतं. पुढे खात्री करायची तर लाखाच्या आतल्या ९,५९२ मूळ संख्यांनी भाग लावत बसा. फोन हे क्षणात करतो म्हणा, पण मग एसटीची वाट कशाच्या आधारावर पाहायची?

त्याहून गमतीचं हार्डी आणि रामानुजन या गणितींनी १९१७ साली दाखवलं. एवढ्या मोठ्या संख्यांमध्ये वेगवेगळे मूळ अवयव, म्हणजे त्यांना भाग जाणाऱ्या मूळ संख्या, किती असावेत? बहुतेकींत तीनच्या आसपास! दहा अंकांचा दरारा, अन् वाड्यात माणसं तीन-चार. एकावर शंभर शून्यं एवढ्या अवाढव्य संख्यांपाशी गेलं, तरी सरासरी पाच-सहाच्या पुढे सरकत नाही.

भिंतीकडे बघत मी पुटपुटत होतो, ते पानठेलेवाल्यानं पाहिलं.

“काऊन भाऊ, थ्रेशर पायजे का?”

“नाही, याले तीननं भाग जाते का पाहून रायलो.”

“आन् गेला तं?”

“गेला तं गेला.”

त्यानं चुना लावता लावता विचार केला. “मंग माह्या नंबरचं सांग. शेवटी पाच हाय.”

“पाचनं भाग जाते.”

“बरं हाय,” तो म्हणाला, “आमी भाऊबी पाचच हावो. वावराची वाटणी काही होऊन नाही रायली, नंबरची तं होईन.”