फरसाणबंदीचा शनिवार

आमच्या घरी महिन्यातून एका शनिवारी फरसाणावर बंदी असते. चिवडा नाही, शेव नाही, बाकरवडीचं तर नावही काढायचं नाही. टेबलावर पाण्याचा जग, साधे कुरमुरे आणि प्रत्येकापुढे कागद-पेन्सिल. पहिल्यांदाच आलेल्या एका मित्राने दारातूनच विचारलं, "वहिनी, आज पूजा आहे की परीक्षा?" परीक्षाच. फक्त आमची नाही, बिअरची.

आम्ही ऑरेगनमधल्या पोर्टलंडला राहतो. पाऊस आणि बिअर, दोन्ही इथे मुबलक. पाऊस ऑक्टोबरात सुरू होतो तो थेट मेपर्यंत रिपरिपत राहतो. मी रत्नागिरीची, त्यामुळे याला पाऊस म्हणायला माझी जीभ वळत नाही, पण तो माणसाला घरात बसवून ठेवतो हे खरं. आणि किराणा दुकानात फ्रीजच्या एका अख्ख्या भिंतीवर बिअर बनवणाऱ्या छोट्या कारखान्यांचे, म्हणजे ब्रुअऱ्यांचे कॅन असतात, बहुतेक ४७३ मिलीचे, चित्रकथेच्या मुखपृष्ठासारखे रंगवलेले. पहिलं वर्षभर मी चित्र बघून कॅन घेतले आणि त्यातले निम्मे सिंकमध्ये ओतले. मग ओळखीची तीन मराठी घरं मिळून सहा जणांनी ठरवलं, की एक कॅन सगळ्यांनी वाटून घ्यायचा. माणशी जेमतेम ७९ मिली येते. चार कॅन उघडले तरी एकाच्या वाट्याला एक कॅनही पुरता येत नाही. सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या होत्या, त्यांनी हा हिशेब ऐकून विचारलं, "मग एवढा खटाटोप कशाला?"

कॅन म्हटलं की तिकडे भारतात अजून अनेकांना स्वस्तातला माल वाटतो. इथेही तसंच होतं. कॅनमधली बिअर पहिल्यांदा विकायला आली ती जानेवारी १९३५ मध्ये, व्हर्जिनियातल्या रिचमंड गावात. पण छोट्या ब्रुअऱ्या बाटलीचीच प्रतिष्ठा धरून बसल्या होत्या. २००२ मध्ये कोलोरॅडोतल्या ऑस्कर ब्लूज या ब्रुअरीने आपली पेल एल जातीची बिअर कॅनमध्ये भरायला घेतली आणि हळूहळू बाकीचेही वळले. कारण साधं आहे. बिअरमधला कडवटपणा हॉप्स नावाच्या वेलाच्या फुलांमधून येतो आणि त्या कडू द्रव्यांवर ऊन पडलं की त्यांचा घाणेरडा वास सुटतो. इथे स्कंक नावाचा प्राणी शत्रूवर पिचकारी मारतो, अगदी त्याच जातीचा वास. हिरवी काच ऊन फारसं अडवत नाही, तपकिरी बरंचसं अडवते आणि ॲल्युमिनियममधून उजेड जातच नाही. शिवाय रिकामा कॅन परत दिला की दहा सेंट मिळतात. ऑरेगनने हा कायदा १९७१ मध्ये केला, अमेरिकेत सगळ्यात आधी.

मार्क देण्याची पद्धत आम्ही बीजेसीपी या परीक्षकांच्या संस्थेकडून उचलली. १९८५ पासून ती घरी बिअर बनवणाऱ्यांच्या स्पर्धांसाठी परीक्षक तयार करते. एकूण गुण ५०: वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडात कशी लागते याला ५ आणि एकूण मताला १०. रूपाला फक्त ३! आपल्या लग्नाच्या बाजारापेक्षा कितीतरी बरा न्याय.

कागद हातात आला आणि आम्ही सहाही जण गप्प बसलो. वास येत होता, शब्द येत नव्हता. छापील यादीत ग्रेपफ्रूट होतं, पाइन होतं, पॅशनफ्रूट होतं. यातलं आमच्यापैकी कुणीही लहानपणी चाखलेलं नाही. ग्रेपफ्रूट मी पहिल्यांदा खाल्लं तेव्हा मला पपनस आठवलं होतं, आणि आता बिअर हुंगून पपनसाऐवजी ग्रेपफ्रूट लिहायचं म्हणजे गावाला वळसा घालून आपल्याच घरी यायचं. दुसऱ्या महिन्यात एक गढूळ, पिवळीधमक आयपीए, म्हणजे भरपूर हॉप्स घातलेली बिअर, उघडली. कॅनवर 'आंबा' लिहिलेलं. शेजारणीचा नवरा म्हणाला, "आंबा, बरोबर." मी म्हटलं, "कुठला आंबा?" तिथून जी चर्चा पेटली! हापूस नक्कीच नाही. पायरी म्हणावी तर तेवढी गोड नाही. शेवटी रायवळवर एकमत झालं, तोही झाडाखाली पडलेला, देठाला चीक असलेला. आणि यात नुसती कल्पनाशक्ती नाही. हॉप्सच्या तेलात मायरसीन नावाचं द्रव्य असतं. तेच आंब्यात असतं आणि गवती चहातही. तेव्हापासून आमच्या कागदांवर 'गवती चहा' सर्रास दिसतो. (हॉप्स हा भांगेच्या कुळातला वेल आहे, हे मी सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.)

मग यादीच मराठीत उतरत गेली. जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्ये केळं आणि लवंग असतात असं म्हणतात. आम्हाला ते सरळ शिकरण लागलं, लवंग पडलेलं. त्यात केळं कुणी घालत नाही, दोन्ही वास यीस्ट तयार करतं. गोझे नावाची आंबट बिअर असते, तिच्यात मीठ आणि धणे घालतात. हे वाचून अमेरिकन माणूस दचकतो, आम्ही मात्र म्हटलं, हे तर मसाला ताक. दोषांचंही तसंच. लोण्याचा वास म्हणजे थिएटरातलं पॉपकॉर्न. उकडलेल्या मक्याला भाषांतराची गरजच नाही. कच्च्या बिअरच्या वासाला पुस्तकात हिरवं सफरचंद म्हणतात, आमच्याकडे त्याला 'लाल भोपळा चिरताना' म्हणतात. आणि शिळ्या बिअरचा ओला पुठ्ठा म्हणजे जूनमधलं दप्तर: तपकिरी कव्हरं घातलेल्या आणि पहिल्याच पावसात भिजलेल्या वह्या.

सप्टेंबरात इथे ताज्या हॉप्सची बिअर येते. विलामेट खोऱ्यात हॉप्सचे मळे आहेत. याच खोऱ्यातल्या कॉर्व्हॅलिसच्या संशोधनातून आलेलं कॅस्केड हे वाण १९७२ मध्ये बाहेर पडलं आणि अमेरिकन बिअरचा वासच बदलला. एरवी हॉप्स वाळवून वर्षभर वापरतात, पण हंगामात ओलेच, तोडल्यापासून दिवसभराच्या आत बिअरमध्ये पडतात. हिरवागार, कोवळा वास येतो. हुरड्याच्या दिवसांत शेतावर जशी झुंबड उडते, तशीच इथे तीन-चार आठवडे उडते आणि मग वर्षभर नाव नाही.

या फेब्रुवारीत मी एक प्रयोग केला. इथले लोक ३-३०-३०० असा नियम सांगतात: ३२ अंशांच्या उष्म्यात ३ दिवस, घरातल्या साध्या तापमानात ३० दिवस किंवा फ्रीजमध्ये ३०० दिवस, बिअर साधारण सारखीच शिळी होते. एकाच तारखेचे चार कॅन आणले (तळाशी तारीख छापलेली असते, बिस्किटाचा पुडा उलटा करून बघायची बाबांची सवय इथे कामी येते). दोन फ्रीजमध्ये ठेवले, एक स्वयंपाकघराच्या कपाटात, एक वॉटर हीटरशेजारी. तीन आठवडे.

ओतायला तटस्थ माणूस हवा होता. सासूबाई पीत नाहीत, म्हणून ते काम त्यांच्याकडे. त्यांनी ग्लासांच्या तळाला रंगीत टिकल्या लावल्या, कॅन पंधरा मिनिटं बाहेर काढून ठेवायला लावले (फार गार बिअरला वासच येत नाही, हे त्यांनी आमच्या बोलण्यातून टिपलेलं) आणि पहिला ग्लास भरताच म्हणाल्या, "अगं, फेस धरत नाहीये. बुडबुडे कडेला चिकटलेत. ग्लास तेलकट आहे तुझा." सगळ्यांसमोर. आणि खरं होतं. स्निग्ध हात लागलेल्या काचेवर फेस टिकत नाही. ग्लास पुन्हा धुतले.

हीटरशेजारचा कॅन सहाही जणांनी ओळखला. भिजलेल्या वह्या. सरासरी १९ गुण. फ्रीजमधल्याला ३८, म्हणजे त्या संस्थेच्या भाषेत 'उत्कृष्ट'. कपाटातल्याला ३१. त्यातला रायवळ गेला होता, नुसता कडवटपणा राहिला होता.

मग मला चेव आला. म्हटलं, तीन ग्लासांची परीक्षा घ्या: दोन ग्लास फ्रीजमधल्या दोन कॅनमधले, एक कपाटातला, त्यातला वेगळा मी ओळखणार. हुंगलं, घोट घेतला, कुरमुरे खाल्ले, पाणी प्यायले, पुन्हा हुंगलं. पाच मिनिटांनी मधल्या ग्लासावर बोट ठेवलं आणि त्यात कपाटाचा वास कसा येतो यावर एक छोटं व्याख्यानही दिलं.

सासूबाईंनी ग्लास संपायची वाट पाहिली, तो उलटा केला आणि हिरवी टिकली दाखवली. डावीकडच्यालाही हिरवीच.

"चुकलं," म्हणाल्या आणि चिवड्याचा डबा उघडला.