एका शाफ्टवर दोन मोटरी

सामान वाहण्याची हातगाडी बॅटरीवर चालवण्यासाठी मी स्थायी चुंबकाच्या, ४८ व्होल्टच्या दोन डीसी मोटरी एकामागे एक बसवून एकाच शाफ्टला जोडल्या, तेव्हा या कामातला कठीण भाग लेथवरचा आहे अशी माझी समजूत होती. दोन्ही शाफ्ट एका रेषेत आणण्यासाठी मोटरींच्या पायांखाली शिम (पातळ पत्र्याचे तुकडे) घालण्यात आणि डायल गेज लावून पुन्हा पुन्हा पाहण्यात दोन रविवार गेले. त्यानंतर दोन्ही मोटरी समांतर जोडून गाडी चढावर नेली, तर दहाएक मिनिटांतच पुढची मोटर हात लावता येणार नाही इतकी तापली आणि मागची जेमतेम कोमट राहिली.

मोटरी सुट्या करून बिनभार फिरवल्या, तेव्हा पुढचीचे मिनिटाला ३००० फेरे भरले आणि मागचीचे २९४०. शाफ्ट एकच असल्यामुळे दोघींचा वेग सक्तीने सारखा राहतो, पण फिरताना प्रत्येक मोटर स्वतः जो विरोधी विद्युतदाब निर्माण करते, त्यात या दोन टक्क्यांमुळे जवळपास एक व्होल्टचा फरक पडतो. एक व्होल्ट किरकोळ वाटतो. परंतु आर्मेचरचा, म्हणजे मोटरीतल्या फिरत्या गुंडाळीचा, रोध ०.०५ ओहम धरला, तर तेवढ्यानेच दोघींच्या प्रवाहात सुमारे १९ अँपिअरची तफावत येते. एकूण मागणी ६० अँपिअरची असेल, तर कमी विरोधी दाबाची पुढची मोटर ४० ओढते आणि मागची २०, आणि उष्णता प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे वाढत असल्यामुळे पुढचीच्या गुंडाळ्यांत ती मागचीच्या जवळपास चौपट होते. मागची मोटर अंगचोर नव्हती. तिला काम मिळतच नव्हते.

त्याच मोटरी एकसर जोडल्या की दोघींतून एकच प्रवाह जातो आणि टॉर्क, म्हणजे शाफ्ट फिरवणारा पीळ, आपोआप जवळपास सारखा वाटला जातो. किंमत अर्थातच वेगात मोजावी लागते, कारण बॅटरीचा दाब दोघींत विभागला जातो. अमेरिकेतील पोर्टलंडच्या जॉन वेलंड यांनी १९७२ सालच्या डॅटसन १२०० गाडीत याच गुणदोषाचा सुरेख उपयोग केला. ‘व्हाइट झोंबी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या गाडीत सिरीज प्रकारच्या (ज्यांत चुंबकाची आणि आर्मेचरची गुंडाळी एकसर असते अशा), नऊ इंच व्यासाच्या दोन मोटरी एका शाफ्टवर होत्या. सुटताना त्या एकसर असत, म्हणजे कंट्रोलरचा (मोटरींना किती प्रवाह द्यायचा ते ठरवणाऱ्या उपकरणाचा) तोच प्रवाह दोन्ही मोटरींत टॉर्क निर्माण करी. वेग आल्यावर त्या समांतर होत. २०१० मध्ये तिने पाव मैल साडेदहा सेकंदांच्या आत कापला. मुंबईच्या जुन्या डीसी लोकलही एकसर जोडणीत सुटून समांतर जोडणीत वेग घेत, मात्र तिथे मोटरी वेगवेगळ्या आसांवर असल्यामुळे एखादे चाक घसरले की त्याची मोटर जोडीदारणीचा दाब खाऊन टाकी. एका शाफ्टवर ही भीती नसते. (१९२८ मध्ये आलेल्या, एकेकाळी घाटात चालणाऱ्या ‘खेकडा’ या रेल्वे इंजिनात तर दोन मोटरी दातेरी चाकांनी एका आडव्या शाफ्टला जोडलेल्या होत्या, आणि तिथून दांड्यांनी चाके फिरत.)

मोटरींची तोंडे समोरासमोर करून त्या जोडण्याचा मोह मात्र टाळावा. तशा मांडणीत एक मोटर स्वतःच्या दृष्टीने उलटी फिरते, आणि तिचे ब्रश (फिरत्या गुंडाळीला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे) एका दिशेसाठी सरकवलेले असतील तर कम्युटेटरवर, म्हणजे ब्रश घासतात त्या तांब्याच्या पट्ट्यांवर, ठिणग्या उडू लागतात. ब्रश नसलेल्या सिंक्रोनस मोटरींत वेगळीच अडचण असते: एकाच कंट्रोलरवर दोन मोटरी चालवायच्या असतील, तर दोन्ही रोटरचे, म्हणजे फिरत्या भागांचे, कोन जुळलेच पाहिजेत, आणि चार ध्रुवजोड्या असलेल्या मोटरीत शाफ्ट जोडणाऱ्या चावीच्या खाचेतली एका अंशाची चूक विद्युतदृष्ट्या चार अंशांची होते.

मी शेवटी प्रत्येक मोटरीला स्वतंत्र कंट्रोलर दिला. दोघांनाही एकाच थ्रॉटलकडून वेगाऐवजी प्रवाहाची आज्ञा मिळते, आणि आता दोन्ही मोटरी सारख्याच तापतात. राहिला तो शाफ्टचा प्रश्न. चाकाकडच्या मोटरीचा शाफ्ट आपल्यासह मागच्या मोटरीचाही टॉर्क वाहतो, आणि दुप्पट टॉर्क त्याच ताणात पेलायचा तर व्यास सुमारे २६ टक्क्यांनी वाढवावा लागतो. माझा शाफ्ट २० मिलिमीटरचा आहे, हवा २५ हून किंचित जाड. तो बदलायचा तर आर्मेचरच बदलावे लागेल. म्हणून सध्या एकूण प्रवाह ६० अँपिअरवर बांधून ठेवला आहे.