कपाटावरचा तंबोरा खाली आला, आणि त्याआधी ऐकलेले काही अल्बम

गेल्या पावसाळ्यात ऑफिसमधल्या मैत्रिणीने एका अल्बमची लिंक पाठवली, खाली एवढंच लिहिलेलं की यात तंबोरा आहे, तुझ्या आईला ऐकव. आईला ऐकवायचं राहूनच गेलं, आधी मीच ऐकत बसले, आणि मग पुढचे सहा-सात महिने काय काय ऐकलं ते आता कुठेतरी लिहून ठेवावंसं वाटतंय म्हणून हा प्रपंच.

अल्बमचं नाव 'जर्नी इन सच्चिदानंद', अ‍ॅलिस कोल्ट्रेन या अमेरिकन जॅझ वादक बाईचा, १९७१चा. मी कोथरूडहून हिंजवडीला कंपनीच्या बसने जाते, चांदणी चौकाच्या पुढे बस कधी धावेल आणि कधी अर्धा तास जागेवर उभी राहील ते कुणालाच सांगता येत नाही, त्यामुळे सदतीस मिनिटांचा अल्बम रोज एका बाजूला एकदा तरी पूर्ण होतोच. पहिल्या दिवशी हेडफोन लावले आणि पहिल्याच सुराला मी बॅगमधलं जे काय शोधत होते ते शोधायची थांबले. तंबोरा! आणि त्याच्यावर डबल बासची एकच छोटीशी चाल, तीच ती, तीच ती, कुठे जायची घाई नाही. मग हार्प, उभं तारांचं ते मोठं पाश्चात्त्य वाद्य, येते, पाणी सांडल्यासारखी, आणि खूप उशिरा फॅरो सँडर्सचा सोप्रानो सॅक्सोफोन. जॅझ म्हणजे अवघड, डोक्यावरून जाणारं असं माझं कॉलेजपासूनचं मत होतं, ते त्या बसमध्येच गळून पडलं.

मग मी वाचायला लागले. जॉन कोल्ट्रेन, तिचा नवरा आणि स्वतः मोठा जॅझ सॅक्सोफोनवादक, १९६७ साली गेला, चाळिसाव्या वर्षी. घरात चार लहान मुलं. त्यातल्या एकाचं नाव रवी, रविशंकरांवरून ठेवलेलं. जॉनने हौसेने हार्पची ऑर्डर दिली होती, ती घरी येऊन पोचली तेव्हा तो नव्हता. ती हार्प ही बाई शिकली. ते वाचल्यावर मी परत पहिल्यापासून ऐकलं आणि हार्प सुरू झाल्यावर मला खिडकीबाहेर बघावं लागलं, शेजारी बसलेल्या मुलीला कळू नये म्हणून.

यातला जवळजवळ सगळा भाग नोव्हेंबर १९७०मध्ये न्यूयॉर्कजवळ त्यांच्या राहत्या घरातल्या स्टुडिओत रेकॉर्ड झालाय, फक्त शेवटचा ट्रॅक एका कार्यक्रमातला आहे. तिसऱ्या ट्रॅकचं नाव 'स्टॉपओव्हर बॉम्बे'. ती तेव्हा तिचे गुरू स्वामी सच्चिदानंद, ज्यांच्यावरून अल्बमचं नाव आहे, त्यांच्याबरोबर भारतात यायच्या तयारीत होती. तीन मिनिटांचाही नाहीये तो ट्रॅक पण मला सगळ्यात जास्त आवडतो, प्रवासाला निघायच्या आदल्या रात्री घरात जी एक लगबग असते ना, ती आहे त्यात. आणि तंबोरा वाजवणाऱ्याचं नाव कव्हरवर नुसतं 'तुलसी' एवढंच छापलंय. आपल्याकडे तर कित्येक जुन्या रेकॉर्डवर तंबोऱ्यावर कोण बसलंय त्याचा पत्ताच नसतो, त्यामुळे तेवढं एक नाव बघूनसुद्धा बरं वाटलं.

आईचं सांगायला हवं. आई गाण्यातली विशारद. मी शाळेत असताना घरी संध्याकाळी तिचा क्लास असायचा, आठ-दहा मुली सतरंजीवर आणि मधे तंबोरा. मग आजी अंथरुणाला खिळली, क्लास बंद झाला, आजी गेली तरी परत सुरू झाला नाही. तंबोरा खोळीत घालून कपाटावर आडवा गेला तो बारा-तेरा वर्षं तिथेच. दिवाळीच्या साफसफाईत खोळीवरची धूळ झटकायची आणि परत वर, एवढाच काय तो संबंध.

माझ्या लहानपणी तो सूर घरात सतत असायचा म्हणून मी तो कधी ऐकलाच नव्हता. फ्रिजचा आवाज ऐकतो का आपण? तसं. तो ऐकायला मला अमेरिकेतल्या एका बाईच्या घरातलं रेकॉर्डिंग लागलं. त्यानंतर मी प्रत्येक गोष्टीत मागे काय वाजतंय तेच ऐकायला लागले, गायक-वादक पुढे असू देत, मागे काय चाललंय.

त्या नादात 'कॉल ऑफ द व्हॅली'कडे गेले. हा अल्बम 'नुकताच सापडला' म्हटलं तर पुण्यात लोक हसतील, निम्म्या पेठांमध्ये त्याची कॅसेट होती, आमच्याकडेही होती. पण ती चालू असायची, आम्ही जेवायचो, पेपर वाचायचो. हेडफोन लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत मी तो यंदा थंडीत पहिल्यांदा ऐकला, वेताळ टेकडीवर, सकाळी सव्वासहाला, अजून अंधार असताना. १९६७ची रेकॉर्ड. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार, तबल्यावर माणिकराव पोपटकर. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा एक दिवस अशी कल्पना आहे, पहाटेच्या अहिर भैरव आणि नट भैरवपासून सुरू होतो, मग पिलू, मग संध्याकाळी भूप, रात्री देस आणि शेवटी पहाडी. चाळीसेक मिनिटांत अख्खा दिवस. टेकडीवर मोर ओरडत होते आणि खाणीच्या बाजूला उजाडत होतं, तोपर्यंत माझ्या कानात पिलू संपून भूप आला होता, झपतालातला, म्हणजे बाहेर सकाळ आणि आत तिन्हीसांज! मी तिथेच दगडावर बसून राहिले. आई म्हणते वेळेचा राग वेळेलाच ऐकावा, पण त्या दिवशी मला ते उलटंसुलटंच फार आवडलं.

तिन्ही वाद्यांच्या सुराचं आयुष्य किती वेगवेगळं आहे ते त्या दिवशी लक्षात आलं. संतूरचा सूर वाजला की लगेच विरायला लागतो, बासरीचा श्वास असेपर्यंत टिकतो, आणि काबरांची गिटार या दोघांच्या मधे, तारेवरून घसरत घसरत एका सुरातून दुसऱ्या सुरात जाते. संतूर म्हणजे काश्मीरच्या सूफियाना संगीतातलं वाद्य, त्यावर राग वाजूच शकत नाही म्हणणारी मोठी मोठी माणसं तेव्हा होती. आणि एचएमव्हीकडून ही रेकॉर्ड करणारे जी. एन. जोशी म्हणजे ज्यांनी १९३२ साली 'रानारानात गेली बाई शीळ' गायलं तेच! ना. घ. देशपांड्यांची कविता, रानातली शीळ, आणि पस्तीस वर्षांनी त्याच माणसाच्या हातून मेंढपाळाची बासरी. मला हे कळलं तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन आईला सांगितलं, ती पोळी लाटत होती, म्हणाली हो मग, तुला माहीत नव्हतं?

चरणजित सिंग यांचा अल्बम मात्र तिलाही माहीत नव्हता. 'टेन रागाज टू अ डिस्को बीट', १९८२. हिंदी सिनेमांच्या रेकॉर्डिंगमध्ये वाजवणारे चरणजित सिंग यांनी रोलंड कंपनीच्या तीन इलेक्ट्रॉनिक मशिन घेऊन दहा राग वाजवले, तेव्हा कुणी फारसं लक्ष दिलं नाही, २०१०मध्ये परत बाजारात आला तेव्हा जगभरच्या लोकांनी कान टवकारले कारण शिकागोत १९८७मध्ये अ‍ॅसिड हाऊस म्हणून जे नाचाचं संगीत सुरू झालं ते याच्यासारखंच वाजतं, तेही त्याच टीबी-३०३ मशिनवर. त्या मशिनमध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय आहे, म्हणजे आपली मींडच की. मी एका रविवारी स्पीकरवर लावला, आई मेथी निवडत होती, धडधड धडधड सुरू झालं तशी मान वर करून बघितलंन आणि मला वाटलं आता बंद कर म्हणणार. तर नाही. एक ट्रॅक सुरू होऊन दहा सेकंदही झाले नसतील, म्हणाली, कलावती. मग मेथीची काडी हातात तशीच धरून, रे नाही म नाही, बघ किती स्वच्छ ठेवलाय त्यांनी. आणि त्या डिस्कोवर हळू आवाजात गायला लागली. किती वर्षांनी मी तिला गाताना ऐकत होते.

त्याच संध्याकाळी स्टूल घेऊन मी तंबोरा खाली काढला.

एक तार तुटलेली, बाकीच्या तिन्हींना गंज, आणि वाजवला तर लाकडी, बसका आवाज, ठक ठक. पहिल्या दुकानात त्यांनी तारा बदलून दिल्या, त्या बहुतेक चुकीच्या जाडीच्या होत्या, षड्जाला आणल्या की ताणून किंचाळायच्या. आई घरी आल्यावर काहीच बोलली नाही, मला फार वाईट वाटलं. मग लक्ष्मी रोडच्या आतल्या गल्लीत एक काका आहेत असं कळलं, मूळचे मिरजेचे, घरात तीन पिढ्या हेच काम. त्यांनी तंबोरा आडवा घेतला, भोपळ्यावर बोटांनी टकटक केलं आणि म्हणाले, काकू, भोपळा उत्तम आहे, पंढरपूरकडचा असणार, फक्त जवारी गेलीय. जवारी म्हणजे तार गुंजावी म्हणून घोडीला घासून दिलेला बारीक उतार. मग दीडेक तास आम्ही स्टुलांवर बसून बघत होतो. तारा सैल करून घोडीवर, म्हणजे तारा ज्या पट्टीवर टेकतात तिच्यावर, कानस फिरवायची, अगदी हलक्या हाताने, पांढरी भुकटी उडते, ती फुंकायची, तार चढवायची, छेडायची, मान हलवायची, परत उतरवायची. शेवटी सुती दोऱ्याचा छोटा तुकडा तार आणि घोडी यांच्या मधे घातला आणि नखाने केसभर केसभर पुढे सरकवायला लागले. ठक. ठक. ठक. आणि एका जागी तो दोरा आला आणि तार एकदम उघडली, ती झण्ण करून जी गुंजत राहते ती, बसमध्ये ऐकली होती तीच, आता हातभर अंतरावर. आई एवढंच म्हणाली, हां. काकांनी दोऱ्याला हात लावू नका म्हणून दोनदा बजावलं.

त्यानंतर मी तिला अ‍ॅलिस कोल्ट्रेन ऐकवली, पण जॅझ नाही, तिचं नंतरचं. पुढे ती संन्यासाचं नाव घेऊन तुरियासंगीतानंद झाली, कॅलिफोर्नियात आश्रम काढला, आणि १९८२मध्ये तिथल्या लोकांसाठी भजनांची एक कॅसेट केली. तिच्याच मुलाने, रवीने, २०२१मध्ये त्यातला फक्त आवाज आणि वुर्लिट्झर ऑर्गन ठेवून 'कीर्तन: तुरिया सिंग्ज' काढला. नावं सगळी आपली, 'गोविंद हरी', 'यमुना तीर विहारी', पण लहानपणी डेट्रॉइटच्या चर्चमध्ये वाजवत मोठी झालेली बाई आहे ती, त्यामुळे शब्द संस्कृत आणि सुरांची ठेवण तिकडची. मला भीती होती की आईला उच्चार खटकतील. खटकले असतील, ती काही बोलली नाही. डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाली, ही कुणाला दाखवण्यासाठी गात नाहीये.

मग दुसऱ्यांदा लावायला सांगितलंन आणि तंबोरा मांडीवर घेतला. ऑर्गनचा षड्ज कुठे आहे ते शोधत खुंट्या पिळल्या, गाणं थांबव, लाव, थांबव, लाव, मी मोबाईल हातात घेऊन तिच्यासमोर बसलेले. 'यमुना तीर विहारी' अर्ध्यावर आलं होतं आणि मला वाटलं झालं आता जमलं, तेवढ्यात तिने परत हाताने थांबव म्हणून खूण केली. जोडीतली दुसरी तार किंचित उतरलीय म्हणाली. मला तर दोन्ही सारख्याच वाटत होत्या. तिने तारेत ओवलेला, सूर बारीक जुळवायचा मणी एवढासा खाली सरकवला, दोन्ही तारा एकापाठोपाठ छेडल्या, तेव्हा कळलं की मघाशी त्या दोन होत्या आणि आता एकच ऐकू येतेय. लाव आता, म्हणाली.