गच्चीची किल्ली

कर्ज देण्याआधी बँका घराची किंमत ठरवून घेतात, ते माझं काम. बँकेकडून आलेल्या फायलीवर लिहिलं होतं: निवासी फ्लॅट, पहिला माळा, 640 चौरस फूट, ठरलेली किंमत 13 लाख. गाव वणी तालुक्यातलं, कोळसा खाणीच्या पट्ट्यातलं. एप्रिल महिना. खेड्यात फ्लॅट म्हटल्यावर माझ्या भुवया तेव्हाच वर जायला हव्या होत्या. पण दिवसाला चार पाहण्या असल्या की भुवयांना सवड मिळत नाही.

इमारत तशी बरी होती. तळमजला आणि वर दोन माळे, जिन्याच्या दोन्ही बाजूंना एकेक दार, म्हणजे सहा बिऱ्हाडं. घेणाऱ्या मॅडम जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात आणि त्याच घरात नऊ वर्षांपासून भाड्यानं राहतात. स्वयंपाकघरातल्या टाइल्स त्यांनी स्वतःच्या पैशानं लावलेल्या. मी टेप काढला, त्यांच्या मिस्टरांनी दुसरं टोक धरलं. खोल्या मोजून झाल्या, फोटो काढून झाले. वणीत अशा जुन्या फ्लॅटला मिळणारा दोन हजार रुपये फुटाचा भाव डोक्यात होताच. 12 लाख 80 हजार. मागणीच्या जवळच. अर्धा अहवाल मनात लिहूनही झाला.

अडलो ते एका रकान्यावर. फ्लॅटच्या अहवालात ‘जमिनीतला अविभक्त हिस्सा’, म्हणजे इमारतीखालच्या सामाईक जमिनीत त्या फ्लॅटचा वाटा, असा एक रकाना असतो. मॅडमनी इसारचिठ्ठी दाखवली, एक लाख रुपये दिलेले. तिच्यात पूर्वेकडचा फ्लॅट, बाल्कनी, नळ कनेक्शन, पंखेसुद्धा होते. जमिनीबद्दल अवाक्षर नव्हतं. ग्रामपंचायतीचा नमुना 8, म्हणजे घरांच्या कराची नोंदवही, पाहिला तर सगळ्या इमारतीची एकच नोंद, एकच नाव, मालकाचं. कराची पावतीही एकच.

‘गच्चीवर जाऊन पाहू,’ म्हटलं. गच्चीच्या दाराला कुलूप.

‘किल्ली मालकीण काकूंकडे असते,’ मॅडम म्हणाल्या. ‘कपडे वाळू घालायचे असले की आम्ही मागून आणतो.’

मी दहा पानं वाचूनही जे कळलं नसतं, ते त्या एका वाक्यात होतं.

महाराष्ट्रात अपार्टमेंट मालकीचा कायदा 1970 चा आहे. पाच किंवा जास्त घरांची इमारत त्यात बसते, म्हणजे ही सहा घरांची बसू शकली असती. पण आपोआप नाही. मालकानं आधी घोषणापत्र करून ते नोंदवावं लागतं. त्यात प्रत्येक घराचं वर्णन असतं आणि जमीन, पाया, खांब, जिना, छत या सामाईक गोष्टींत त्या घराचा किती टक्के हिस्सा, तेही असतं. हे टक्के सहा घरं म्हणून सरळ भागिले सहा असे निघत नाहीत. पूर्ण मालमत्तेच्या किमतीत त्या घराची किंमत किती, त्यावर ते ठरतात, आणि एकदा ठरले की सगळ्या घरमालकांच्या संमतीशिवाय बदलता येत नाहीत. घर विकलं की हिस्सा त्याच्यासोबत जातो. त्याला घरापासून वेगळं काढता येत नाही.

इथे यातलं काहीच नव्हतं. दिसायला हुबेहूब अपार्टमेंट, पण कागदावर एका माणसाचं भाड्याचं घर. अमेरिकेत या दोन प्रकारांसाठी वर्षानुवर्षं छापील फॉर्मच वेगळे होते: कॉन्डोमिनियमच्या, म्हणजे तिकडच्या अपार्टमेंटच्या, एका घराला 1073 नंबरचा, दोन ते चार बिऱ्हाडांच्या भाड्याच्या इमारतीला 1025 नंबरचा, आणि त्या दुसऱ्यात आजूबाजूच्या भाड्यांची तुलना मांडावी लागायची. आपल्याकडे मूल्यांकन करणाऱ्यानंच डोळे उघडे ठेवायचे.

खाली मालकांकडे गेलो. काका सत्तरीतले, ओसरीत खाटेवर बसलेले. हाताशी पाण्याच्या मोटरचं बटण. सकाळी सहाला तेच दाबतात.

‘काहून साहेब, मीटर तं सहा हायेत ना येगयेगळे,’ ते म्हणाले. ‘पंधरा वर्षं झाले भाडं घेऊन रायलो, मले तं कोनी काही विचारलं नाही.’

‘भाडं घेताना कोण विचारणार, काका? विकताना विचारतात.’

त्यांचा हिशेब सोपा होता: 13 लाख गुणिले सहा, म्हणजे 78 लाख. मुलगा पुण्यात, त्याला तिथं घर घ्यायचंय. मी त्यांच्याच वहीच्या मागच्या पानावर दुसरा हिशेब मांडला. महिना चार हजारांप्रमाणे सहा घरांचं भाडं (त्यांचं स्वतःचंही धरून) वर्षाला 2 लाख 88 हजार. खाणीतल्या लोकांच्या बदल्या झाल्या की एखादं घर दोन-दोन महिने रिकामं राहतं. कर, डागडुजी, मोटरचं बिल त्यांच्याच माथी. या सगळ्याला चौथाई वजा केली. हाती उरले 2 लाख 16 हजार. वर्षाला सहा टक्के सुटले पाहिजेत अशा हिशेबानं घेणारा गिऱ्हाईक याचे 36 लाख देईल.

काकांनी वही जवळ ओढून पुन्हा पुन्हा पाहिली. ‘याच्याहून तं जागा आन् बांधकाम मिळून जास्त होते.’

ते खरंच होतं. जमीन आणि घसारा वजा करून बांधकाम असं धरलं तर आकडा 36 च्या बराच वर जात होता. आपल्याकडे घरभाड्यातून सुटणारे टक्के कमीच. म्हणून अशी इमारत कोणी नुसत्या भाड्यावर विकत नाही, आणि आम्हीही दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघतो. पण 78 लाख कशातूनच येत नव्हते. ती किंमत सहा स्वतंत्र मालकांच्या सहा घरांची होती, आणि ते मालक अजून जन्मालाच आले नव्हते. शिवाय कर्ज थकलं तर बँकेनं काय विकायचं? जमिनीत हिस्सा नाही, गच्चीत नाही, जिना दुसऱ्याचा.

आणि जिन्याला तडा होता. काळ्या मातीत पाया कमी पडला की उन्हाळ्यात येतो तसा, तिरपा, पेनाची रिफिल आत जाईल एवढा. आज तो काकांच्या खर्चानं बुजणार. अपार्टमेंट असतं तर सहाही जणांनी आपापल्या टक्क्यांप्रमाणे पैसे काढले असते. मॅडमच्या मिस्टरांनी हे ऐकून माझ्याकडे असं पाहिलं, जणू तडा मीच पाडला.

‘मंग घोषणापत्र केलं तं?’ काकांनी विचारलं.

‘तर विकता येईल. वकिलाकडून करून घ्या, नोंदवा, मग मी पुन्हा येतो. पण जिना, गच्ची, खालची जागा सगळ्यांची सामाईक होईल.’

‘गच्चीबी?’

‘गच्चीपण.’

आतून भांड्यांचा आवाज थांबला. काकू पदराला हात पुसत दारात आल्या. आमचं सगळं बोलणं त्यांनी ऐकलेलं दिसत होतं.

‘मंग माह्या कुरड्या कुठं टाकू जी? या सहाइले इचारून?’

कोणीच बोललं नाही. मॅडम खाली बघून हसू दाबत होत्या. मी फायलीवर ‘फ्लॅट’ खोडून ‘एकाच मालकीची भाडे-इमारत, स्वतंत्र तारण देता येत नाही’ असं लिहिलं आणि निघालो. फटफटीला किक मारता मारता वर पाहिलं, तर काकू गच्चीचं कुलूप काढत होत्या.