शाळेतला कॉम्प्युटर आणि विंडोची बटणं: कोणती ठेवावी, कोणती काढावी

यवतमाळ-वाशीमकडच्या खेड्यातल्या शाळेत जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकायचं तर एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप (पडद्यावरच्या विंडो, मेनू, पट्ट्या सांभाळणारा भाग) बरा. दोन जीबी रॅममध्येही निभावून नेतो. पोरांची ओरड वेगाबद्दल नसतेच. "सर, माहं पेज कुठी गेलं?" ही खरी ओरड. पेज कुठंच गेलेलं नसतं. विंडोच्या वरच्या पट्टीवर नको तेवढी बटणं असतात आणि त्यातल्या एकावर क्लिक पडलेलं असतं.

एक्सएफसीईच्या मूळ मांडणीत डावीकडे मेनूचं बटण आणि उजवीकडे चार बटणं असतात: गुंडाळा, लपवा, मोठी करा, बंद करा. यातलं 'गुंडाळा' आधी काढा. ते दाबलं की विंडो नाहीशी होऊन नुसती पट्टी उरते, आणि ती पट्टी म्हणजेच आपली फाइल हे नवख्याला कळत नाही. सेटिंग्ज, विंडो मॅनेजर, स्टाइल असं जा. तिथं बटणांची मांडणी दिसते. नको ते बटण ओढून खालच्या 'हिडन' भागात टाकायचं.

एवढ्यानं भागत नाही. पट्टीवर माउसचं चाक फिरलं तरी विंडो गुंडाळते. त्याची टिकची खूण सेटिंग्जमधल्या विंडो मॅनेजर ट्वीक्समध्ये, ॲक्सेसिबिलिटीच्या पानावर असते. ती काढून टाका.

डावीकडचं मेनूचं बटणही लपवा. स्वस्त माउसची कळ झिजली की एका दाबाचे दोन दाब नोंदले जातात, आणि या बटणावर डबल क्लिक झालं की विंडो बंद होते. हा विंडोज ३ च्या काळातला वारसा आहे, आज त्याची कोणाला गरज नाही. मेनू लागलाच तर ऑल्ट आणि स्पेस दाबून किंवा पट्टीवर राइट क्लिक करून उघडतो. त्याच झिजलेल्या कळीमुळे पट्टीला नुसता हात लागला तरी विंडो लहान-मोठी होत राहते. त्यावर उपाय विंडो मॅनेजरमधल्या ॲडव्हान्स्डच्या पानावर आहे: डबल क्लिकची कृती 'नथिंग' करा. त्याच पानावर विंडो ओढताना शेजारच्या वर्कस्पेसमध्ये (दुसऱ्या आभासी पडद्यावर) जाण्याची सोय असते, तीही बंद ठेवा. वर्कस्पेस एकच ठेवला तर उत्तमच.

आता मराठीची गोष्ट, कारण इंग्रजीत नीट दिसणारी पट्टी मराठीत बिघडते. एक्सएफसीईच्या थीममध्ये (विंडोच्या सजावटीच्या संचात) पट्टीची उंची चित्रांवरून ठरते, फॉन्टवरून नाही. शीर्षकाचा फॉन्ट दहावरून चौदा केला तर 'विद्यार्थी यादी'तली वेलांटी आणि रफार वरून कापले जातात, 'गुणपत्रक'चा उकार खालून जातो. म्हणून आधी थीम बदला, 'डिफॉल्ट-एचडीपीआय' घ्या, मग शीर्षकाला 'नोटो सान्स देवनागरी' हा फॉन्ट, आकार बारा, द्या. पट्टीबरोबर बटणंही मोठी होतात, हा वरचा फायदा. वेबसाठीच्या डब्ल्यूसीएजी २.२ या मानकात (२०२३) क्लिक करायच्या जागेचं किमान माप २४ गुणिले २४ पिक्सेल आहे. डेस्कटॉपला ते बंधनकारक नाही, पण त्याखाली जाऊ नये.

'बंद करा' हे बटण उजव्या कोपऱ्यातच राहू द्या. मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ साली मांडलेल्या हिशेबाप्रमाणे लक्ष्य जितकं लहान आणि लांब, तितका हात पोचायला वेळ जास्त. कोपऱ्यात मात्र बाण अडतो, नेम धरावा लागत नाही. मूळ एक्सएफसीईत पॅनल (मेनू आणि घड्याळ असलेली आडवी पट्टी) वर असतं, कोपरा अडवतं आणि हा फायदा घालवतं. ते खाली आणा.

शाळेसाठी कोणी छोटं सॉफ्टवेअर लिहीत असेल तर डायलॉगची (प्रश्न विचारणाऱ्या छोट्या विंडोची) उंची सहाशे पिक्सेलच्या आत ठेवा. पडदे बहुधा १३६६ गुणिले ७६८ चे, काही तर १०२४ गुणिले ७६८ चे. पॅनल आणि पट्टी वजा केली की सातशेच्या आसपासच उरतात. डायलॉग त्याहून उंच झाला तर 'ठीक आहे' पडद्याखाली जातं. (अडलंच तर ऑल्ट धरून विंडो कुठूनही ओढता येते.) बटणाची रुंदी ठरवून टाकू नका, 'जतन न करता बंद करा' हे इंग्रजीपेक्षा बरंच लांब होतं. आणि 'होय' नि 'नाही' नकोच. बटणावर क्रियापद लिहा. मेनूत जे आत्ता चालणार नाही ते करडं करा, गायब करू नका. तीन आडव्या रेघांमागे सगळा मेनू दडवायची फॅशन पहिल्यांदा माउस धरणाऱ्याच्या काही कामाची नाही.

मेनूच्या शॉर्टकटसाठी अधोरेखित अक्षर देवनागरीतलं घेऊ नका. कीबोर्ड इंग्रजीवर असला की ते चालत नाही. 'फाइल'पुढे कंसात इंग्रजी एफ द्यायची जुनी पद्धतच बरी.

जीटीके ३ (विंडो आणि बटणं काढून देणारी लायब्ररी) वापरणारे काही प्रोग्राम स्वतःची पट्टी स्वतः काढतात. तिथली बटणं वेगळी दिसली तर सेटिंग्ज एडिटर उघडा आणि एक्ससेटिंग्जमध्ये 'डेकोरेशन लेआउट' जुळवा.

सगळं एका मशीनवर जमलं की विंडो मॅनेजरची एक्सएमएल फाइल बाकीच्या मशीनवर नेता येते. ती होम फोल्डरमधल्या लपलेल्या कॉन्फिग फोल्डरात, एक्सएफकॉन्फच्या (एक्सएफसीईच्या सेटिंग्ज सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या) फोल्डरात असते. मात्र ज्या खात्यात ती टाकायची त्यातून आधी लॉगआउट करा आणि दुसऱ्या खात्यातून कॉपी करा. तसं केलं नाही तर चालू असलेला एक्सएफकॉन्फ स्वतःजवळच्या जुन्या सेटिंग्ज पुन्हा तुमच्या फाइलवर लिहून टाकतो.