पासबुकात तीन वेळा एक रुपया: सीएसआर निधीसाठी थांबलेले आमचे ७६ दिवस

आमचं गाव माणदेशात. गावचा पाझर तलाव बहात्तरच्या दुष्काळात गावातल्याच बायाबाप्यांनी घमेली वाहून बांधला. पन्नास वर्षांत तो गाळाने इतका भरला की दिवाळीनंतर तळ दिसायचा. गाळ काढायला पैसे हवे होते. पुण्यात एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला असलेला गावातला मुलगा म्हणाला, "गुरुजी, आमच्या कंपनीच्या सीएसआरला, म्हणजे सामाजिक कामांच्या निधीला, अर्ज करा." मी गावातल्या संस्थेचा सचिव, निवृत्त शिक्षक. केला अर्ज.

प्रस्ताव, पाहणी, मंजुरी सगळं नोव्हेंबर ते जानेवारीत सुरळीत झालं. ग्रामसभेचा ठराव आणि तलावाची परवानगी आधीच हातात होती. आयकर सवलतीच्या १२अ आणि ८०जी या नोंदण्या होत्या, सीएसआर निधी घेण्यासाठी लागणारी सीएसआर-१ ही सरकारी नोंदणीही होती. (२०२१ पासून सीएसआर-१ शिवाय कोणतीही कंपनी संस्थेला हा निधी देऊ शकत नाही. अध्यक्षांची डिजिटल सही आणि सीएचं प्रमाणन लागतं, तेवढं आधी करून ठेवा.) फेब्रुवारीत करार झाला. पोकलेनवाल्याला १ मार्चची तारीख देऊन मी निर्धास्त झालो.

१२ फेब्रुवारी २०२५ ला कंपनीकडून एक लिंक आली: पुरवठादार नोंदणी. इथून पुढचे ७६ दिवस मी विसरणार नाही.

आम्ही कंपनीला काहीही पुरवत नव्हतो. पण कंपनीतून बाहेर जाणारा प्रत्येक रुपया त्याच दारातून जातो, मग तो खुर्च्यांचा असो की तलावाचा. पहिल्याच पानावर जीएसटी क्रमांक मागितला. आमच्याकडे तो नाही, असायचं कारणही नाही. रकाना रिकामा ठेवला तर पान पुढे सरकेना. मेल केला, नऊ दिवसांनी उत्तर आलं: संस्थेच्या लेटरहेडवर 'आम्ही जीएसटीखाली नोंदणीकृत नाही' असं लिहून, सही-शिक्क्यानिशी जोडा. दोन ओळींचं पत्र. ते आधी कोणी सांगितलं असतं तर नऊ दिवस वाचले असते.

मग बँक खात्याची तपासणी. यंत्रणा खात्यात एक रुपया टाकते आणि खात्यावरचं नाव पॅनवरच्या नावाशी जुळतं का ते पाहते. ३ मार्चला रुपया जमा झाला आणि दुसऱ्या दिवशी मेल आला: नाव जुळत नाही, नोंदणी नामंजूर. पासबुक काढलं, पॅनकार्ड शेजारी ठेवलं. पॅनवर 'संस्था' या शब्दाचं इंग्रजी स्पेलिंग 'एन' घालून, बँकेत 'एम' घालून. शिवाय नाव लांब असल्याने बँकेच्या संगणकाने शेवटचा शब्द अर्ध्यावर कापलेला. आमचं नोंदणी प्रमाणपत्र मराठीत आहे, तिथे असला प्रश्नच नाही. इंग्रजीत ज्याने जसं लिहिलं तसं ते इतकी वर्षं चाललं.

बँक मॅनेजरसाहेबांनी लगेच पत्र दिलं की दोन्ही नावं एकाच संस्थेची. ते जोडून पुन्हा अर्ज केला. १८ मार्चला दुसरा रुपया आला आणि पुन्हा नामंजूर. पत्र कोणी वाचलंच नव्हतं. नावं यंत्र जुळवत होतं, आणि यंत्राला पत्र वाचता येत नाही. मी फोन करायचो, समोरून तिकीट क्रमांक मिळायचा. तिकीट ज्या विभागाकडे जायचं तो दुसऱ्याच शहरात, त्यांचा नंबर कुणाकडेच नाही. तलाव कोरडा ठणठणीत पडलेला. पोकलेनवाला दुसऱ्या कामावर गेला.

या सगळ्यात ३१ मार्च उलटला, आर्थिक वर्ष संपलं. मला वाटलं, पैसे बुडाले. कंपनीच्या सीएसआर विभागातल्या मॅडमनी तेव्हा जे समजावलं ते प्रत्येक छोट्या संस्थेने लक्षात ठेवावं. काम एकाच वर्षाचं असेल आणि पैसे उरले, तर कंपनीला ते सहा महिन्यांत कायद्याने नेमून दिलेल्या सरकारी निधीत भरावे लागतात. पण काम 'चालू प्रकल्प' म्हणून मंजूर असेल, तर ३० दिवसांत ते वेगळ्या खात्यात ठेवून पुढची तीन आर्थिक वर्षं वापरता येतात. प्रस्ताव लिहिताना याच मॅडमनी दुसऱ्या वर्षाचं काम आणि विहिरींच्या नोंदी घालायला लावल्या होत्या. तेव्हा मला तो नसता व्याप वाटला होता. त्याच पानामुळे पैसे वाचले. त्यांचे उपकार आहेत.

आता उपाय एकच उरला: खात्याचं नावच बदलायचं. त्यासाठी विश्वस्त मंडळाचा ठराव आणि सह्या करणाऱ्या सगळ्यांची नव्याने केवायसी. आमचे एक विश्वस्त मुंबईला मुलाकडे होते. ८१ वर्षांचे आबा सहीसाठी एसटीने आले. २४ एप्रिलला नाव बदललं, २९ ला तिसरा रुपया जमा झाला आणि नोंदणी मंजूर. त्या दिवशी मी घरात कोणाशी बोललो नाही, नुसता बसून राहिलो. २ मे रोजी पहिला हप्ता आला.

म्हणून सांगतो: अर्ज करण्याच्या आधी पॅन, पासबुक, १२अ आणि सीएसआर-१ यांवरचं इंग्रजी नाव एकेक अक्षर ताडून बघा. चुकलं असेल तर बँकेतलं बदला. पॅनला हात लावला तर त्यावर आधारलेलं बाकी सगळं बदलत बसावं लागतं. आणि करार होण्याआधीच पुरवठादार नोंदणीची लिंक मागून घ्या.

५ मेला पोकलेन उतरलं. भरावाच्या पायथ्यापासून अंतर सोडून खोदाई सुरू केली. यंत्र आणि डिझेल कंपनीचं, वाहतूक शेतकऱ्यांची. सकाळी सहाला ट्रॅक्टरची रांग लागायची. आमचं उद्दिष्ट ४,००० ब्रासचं होतं. पण २०२५ साली पावसाने मे महिन्यातच गाठलं. २० मेला काम बंद करावं लागलं, २६ तारखेला तर मॉन्सून मुंबईत होता. पंधरा दिवसांत १,४०० ब्रास निघाला. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, साधारण २.८३ घनमीटर. म्हणजे जवळजवळ ४० लाख लिटरची जागा झाली. हे गणित मांडायला शिका. शेअर बाजारातल्या आघाडीच्या १,००० कंपन्यांना २०२२-२३ पासून पर्यावरणाचा आणि सामाजिक कामाचा अहवाल सेबीच्या नमुन्यात द्यावा लागतो, त्यांना ब्रास कळत नाही, लिटर कळतं. प्रस्तावात कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीतल्या चौथ्या बाबीचा, म्हणजे पर्यावरण आणि माती-पाण्याच्या संवर्धनाचा उल्लेखही असू द्या.

राहिलेला २,६०० ब्रास गाळ त्या पावसाळ्यात पाण्याखाली होता. मार्चमध्ये काम सुरू झालं असतं तर तो शेतात पडला असता, हे मी मॅडमना लेखी कळवलंय. कायद्याप्रमाणे सरासरी नफ्याचे दोन टक्के या कामांसाठी काढून ठेवणाऱ्या कंपनीने संस्थांसाठी वेगळी, साधी नोंदणी ठेवावी आणि नाव अडलं तर फोन उचलणारा एक माणूस नेमावा, एवढीच मागणी त्यात आहे. उत्तर यायचंय.

दहा विहिरींची पातळी आम्ही दर महिन्याला दोरी आणि टेपने मोजतो. कंपनीला वर्षातून दोनदाच हवी आहे, आम्हाला मात्र दर महिन्याला बघावीशी वाटते. तलावात यंदा जानेवारी संपेपर्यंत पाणी होतं. दुसऱ्या वर्षाचा हप्ता खात्यात आलाय, पोकलेनवाल्याला १० मार्चची तारीख दिलीय.